दरडीपलीकडची मुलाखत

मंगळवार, १ ऑक्टोबर

बाबा येणारच आहेत. आज जेवताना शेवटचा प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, "मी सव्वीस वर्षांची आहे. साइटवर एकटी जाते, डंपरवाल्यांशी भांडते. मुलाखतीला वडिलांना घेऊन आलेली तिथे मी एकटीच असेन."

"मी कुठे आत येणार आहे," बाबा म्हणाले. "मी बाहेर बाकावर बसेन. बाकावर बसायला काही पात्रता लागत नाही ना?"

आई हसली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, "जाऊ दे त्यांना. त्यांच्या मनात आहे तर जाऊ दे." एरवी बाबा नुसते पेपर आणायला निघाले तरी ती दहा प्रश्न विचारते. आज दोघांचं आधीच ठरलेलं दिसलं.

अकरा ठिकाणी अर्ज केले होते, तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. पीएचडीला घेण्याआधी ते उमेदवाराला तिकडे बोलावतात, लॅब दाखवतात, मुलाखत घेतात. पहिलं विद्यापीठ सपाटीवरचं, चार तारखेला. दुसरं डोंगरातलं, नऊला. तिसरं समुद्राकाठचं, पंधराला. माझा विषय उतार: डोंगराची माती कधी आणि का सुटते. त्या विषयात दुसरं सगळ्यात मोठं, पण तिथे माझ्यासारख्यांना विचारणार कोण? दोन वर्षं मी एका रस्ते कंपनीच्या लॅबमध्ये मातीचे नमुने वाळवतेय, चाळतेय, वजन करतेय. डोकं गंजत चाललंय हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाबा छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासायचे. कॉलेजची पायरी कधी चढले नाहीत. माझ्या संशोधनाच्या आराखड्यात त्यांनी सतरा चुका काढल्या, विषयातलं एक अक्षर न कळता. "विद्यापीठ आतून कसं असतं ते एकदा बघायचंय," म्हणाले. मग मला वाईट वाटलं. मग त्यांची बॅगही मीच भरली.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. जंक्शनची वेटिंग रूम

पुढे मालगाडीचे डबे रुळावरून घसरलेत. आमची गाडी सकाळी सहाला इथे थांबली, आता चार वाजलेत. दर अर्ध्या तासाने "थोड्याच वेळात" ऐकू येतं. मुलाखत उद्या साडेनऊला. विभागात फोन वाजतो, कोणी उचलत नाही. मेल केली आहे.

बाबांनी स्टेशनवरच्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या. परत येऊन गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "‘गैरसोयीबद्दल दिलगीर’मधला ‘गैर’ पुसला गेलाय. सोयीबद्दल दिलगीर आहेत बिचारे." मला हसू आलं. पण ही पाट्यांची खोड आता अती होतेय. पादचारी पुलाच्या जिन्यावर चार-चार पायऱ्यांनी एकच पाटी आहे, ‘पायरी सांभाळा’. ती त्यांनी चारही ठिकाणी थांबून वाचली. मागचे लोक कुरकुरत होते.

अकराच्या सुमाराला बरेच लोक सामान घेऊन बसस्टँडकडे निघाले. स्टँड दोन किलोमीटर, तिथून वळसा घालून जाणारी बस मिळते म्हणे. मी बॅग उचललीसुद्धा. बाबा म्हणाले, "थोडं थांबू. गाडी निघेल आता. उन्हात कुठे धावायचं." मी थांबले. थांबायला नको होतं असं आता वाटतंय.

ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेत. आडवे व्हा म्हटलं तर म्हणतात, आडवं झालं की ॲसिडिटी वर येते. गोळी जिभेखाली धरतात. ॲसिडिटीची गोळी चावून खायची असते, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "कंपाउंडरने असंच सांगितलंय," म्हणाले. कंपाउंडरपुढे मुलीचं काय चालणार.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

संपलं. सव्वातीनला पोचलो.

विभाग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. मी धावत वर गेले. कचेरीतल्या कारकुनाने यादी उलटी करून माझ्यापुढे धरली, माझ्या नावापुढे ‘गैरहजर’. मी म्हटलं, गाडी अडकली होती, मेल केली होती. तो शांतपणे म्हणाला, "त्याच गाडीतला एकजण जंक्शनवर उतरून बसने आला. नऊ वाजता इथे हजर होता." प्राध्यापक निघून गेले होते. परत बोलावण्याची पद्धत नाही. लॅब बघू का विचारलं, तर म्हणाला, "आता बघून काय करणार?"

मी खाली उतरले तेव्हा बाबा पहिल्या मजल्याच्या वळणावर उभे होते. तिथे सुवर्णपदक मिळवलेल्यांचा मोठा लाकडी फलक आहे, तो वाचत होते. माझी मुलाखत बुडत होती तेव्हा हे साठ वर्षांतली नावं वाचत होते. मला पाहून म्हणाले, "मी बोलू का त्यांच्याशी?" कपाळावर घाम होता.

मी म्हटलं, "काही बोलू नका. काल बसने गेलो असतो तर वेळेत आलो असतो. तुमच्यामुळे राहिलं."

"हो," ते म्हणाले.

एवढंच. वाद घातला असता तर बरं झालं असतं. लॉजवर आल्यावर बॅगेचा पट्टा रुतला म्हणून डावा खांदा चोळत बसले होते. मी पाठ करून हे लिहितेय. एक मात्र नक्की: यापुढे कोणासाठी थांबणार नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर बस. बाबा खिडकीशी, मी आतल्या बाजूला. दादाचा फोन आला होता. मुलाखत कशी झाली, विचारलं. मी बरी झाली म्हटलं. बाबांनी ऐकलं, बाहेर बघत राहिले.

रविवार, ६ ऑक्टोबर. डोंगराच्या पायथ्याचं गाव

दुष्काळात तेरावा महिना. विद्यापीठाचा रस्ता बंद. परवा वरच्या बाजूला आठवडाभराच्या पावसाने डोंगर सुटला आणि चारशे मीटर रस्ता घेऊन खाली गेला. बस पायथ्यापर्यंतच. वळशाचा मार्ग दोन दिवसांचा, त्यातही मध्ये एक पूल बंद आहे म्हणतात.

विद्यापीठात फोन केला. या वेळी उचलला. फोनवरच मुलाखत घ्याल का, विचारलं. पलीकडची बाई चांगली होती. म्हणाली, "लॅबमध्ये हाताने करून दाखवायची चाचणी आहे हो. फोनवर माती कशी मळणार? आणि मुलाखत घेणाऱ्या मॅडम अकरा तारखेला परदेशी निघतात. नऊलाच यावं लागेल."

लॉजवाल्या काकू म्हणाल्या, मजुरांनी दरडीच्या वरून पायवाट काढली आहे. अडीच किलोमीटर, पहिला अर्धा भाग चढ. परवापासून पायी सोडणार. पलीकडे जीपा उभ्या असतात.

मी बाबांना म्हटलं, तुम्ही इथेच थांबा, मी दहाला परत येते. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "पहिल्या ठिकाणी मी जिन्यातूनच परत आलो. हे तरी बघू दे."

मी जास्त आग्रह केला नाही. शुक्रवारी मी बोलले ते अजून मध्ये पडलेलं आहे, त्यावर आणखी ‘तुम्ही मागे राहा’ कशाला. आणि चालणं काही वाईट नसतं. घरी बसून बसून ते सुस्तावलेत.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सकाळी एकटीच दरड बघायला गेले. चार तास तिथे होते. कितीतरी महिन्यांत इतकी खूश झाले नव्हते, आणि हे लिहायला संकोचही वाटत नाही. खाली कोणी सापडलेलं नाही, फक्त रस्ता गेलाय.

सगळ्यांना वाटतं पावसाने डोंगर पडला. पाऊस तर दरवर्षी पडतो. वरच्या कड्याला अर्धचंद्रासारखी भेग आहे, तिच्या कडा जुन्या, गवत उगवलेल्या. म्हणजे भेग गेल्या वर्षीची तरी असणार. मधे चिकणमातीचा राखाडी पट्टा आहे, बोटात धरला तर साबणासारखा. डोंगर आधीपासून सुटलेला होता, फक्त उभा होता. कोणी वर चढून बघितलं असतं तर कळलं असतं.

मजुरांचा मुकादम माझ्यावर लक्ष ठेवून होता. म्हणाला, "बाई, कडेला जाऊ नका. तुमचं नाव माझ्या वहीत नाही, पडलात तर मी काय लिहू?" मी माझा विषय सांगितल्यावर मात्र स्वतः वर घेऊन गेला. तिथून पायवाट दिसते, उभी आहे.

लॉजवर आले तर बाबा दार लावून फोनवर आईशी बोलत होते. बाहेरून ऐकू आलं, "नाही सांगितलं तिला. सांगायचंही नाही, आपलं ठरलंय ना? सगळं झाल्यावर बघू." मला पाहून फोन ठेवला. कळलं काय ते. दादाच्या साहेबांचा पुतण्या, दुसरं काय. मुलाखती संपल्या की स्थळ पुढे करायचं असा बेत असणार. मी काही विचारलं नाही. विचारलं की ते बोलणार, आणि मला परवापर्यंत डोकं शांत हवंय.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. विद्यापीठाचं अतिथीगृह

पोचलो. संध्याकाळचे सहा वाजलेत, बाबा पडलेत, मी नोंदी नीट उतरवायला बसलेय. पण आधी आजचं लिहून टाकते.

नऊला पायवाट उघडली. चाळीस-पन्नास माणसं होती. मुकादम एकेकाचं नाव वहीत लिहून घेत होता. बाबांचा नंबर आल्यावर त्यांच्याकडे नीट बघून मला म्हणाला, "यांना कशाला नेताय? चढ आहे. खाली राहू देत."

मी म्हटलं, "घरी रोज फिरतात ते." खोटं नव्हतं. फिरायचे, उन्हाळ्यापर्यंत.

बाबा त्याला म्हणाले, "नाव नीट लिहा माझं. दुसऱ्या अक्षराची वेलांटी विसरलात." तो हसला आणि सोडलं.

पहिला तास मला काहीच कळलं नाही, इतकी मी दरडीत होते. फूटपट्टीने भेग मोजली, सात ठिकाणी. वहीत आकृत्या काढल्या. राखाडी मातीचे नमुने पिशव्यांत भरले, दगडांसकट सगळे मिळून चारेक किलो झाले. पाठीवर सॅक घेऊन वाकता येईना. बाबा म्हणाले, "दे इकडे. तुझे हात मोकळे ठेव." मी सॅक दिली, नमुनेही त्यातच टाकले. त्यांची बॅग त्यांच्या हातात होतीच.

मी पुढे, ते मागे. मी थांबून मोजायचे, तोवर ते गाठायचे. ते आले की मी निघायचे. आता लिहिताना लक्षात येतंय, म्हणजे त्यांना बसायला मिळतच नव्हतं. तरी ते मधेमधे थांबत होते. इथे पाट्या नव्हत्या, तरी थांबत होते. एकदा वळून पाहिलं तर एका झाडाच्या खोडाला हात लावून उभे होते, जणू त्याला काही सांगतायत. चेहरा पांढरा पडला होता. एका बाजूला खोल उतार आहे, त्यांना उंचीची भीती वाटत असणार. मी ओरडून म्हटलं, "खाली बघू नका." त्यांनी मान हलवली.

एका मजुराने त्यांच्याकडून सॅक मागितली. त्यांनी दिली नाही. "मुलीच्या परीक्षेचं सामान आहे," म्हणाले, "हरवलं तर बोलणी मला बसतील."

अडीच किलोमीटरला तीन तास लागले. उतारावर मला जीपा दिसल्या आणि मी धावत जाऊन दोन जागा धरल्या. या वेळी मी थांबले नाही. जीपमध्ये बसल्यावर बाबांनी गोळी जिभेखाली ठेवली, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मिळालं का तुला हवं होतं ते?" मी म्हटलं, "भरपूर." मग सगळा रस्ता मी त्यांना त्या राखाडी पट्ट्याबद्दल सांगत होते. ते हं, हं करत होते.

जेवायला नको म्हणाले. दोन उशा पाठीशी घेऊन बसलेत. खूप दमलेत. उद्या त्यांनी खोलीवरच राहावं असं सांगणार आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

हा दिवस जपून लिहायचा आहे.

बाबा खोलीवर राहिले नाहीत. विभागाच्या दारासमोर बाक आहे, ऊन येतं, तिथे बसले. "सांगितलं होतं ना, बाकावर बसेन."

आत पाच जण. मधे मॅडम, पांढरी वेणी, जाड चष्मा, हाताच्या नखांत माती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही आलात कशा?" मी म्हटलं, दरडीवरून चालत. मग मी वही उघडली. ठरवून आणलेलं सगळं भाषण राहिलं बाजूला, चाळीस मिनिटं त्या भेगेवरच गेली. नमुने टेबलावर मांडले. मॅडमनी राखाडी माती चिमटीत धरली आणि शेजारच्या सरांना दाखवली. म्हणाल्या, "आमची तुकडी अजून तिथे पोचली नाही. आणि ही बाई सामानासकट जाऊन आली." हाताची चाचणी नीट झाली. शेवटी विचारलं, "इतके नमुने एकटीने आणलेत?"

मी "हो" म्हटलं.

का म्हटलं कोण जाणे. वडिलांनी उचलले, असं त्या खोलीत बोलवेना.

बाहेर येऊन बाबांना सांगितलं. त्यांना प्रत्येक प्रश्न हवा होता, शब्दन् शब्द. मी सांगत होते आणि ते माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मीच दुसरीकडे बघायला लागले. विभागाच्या पितळी पाटीवर त्यांनी चूक शोधून ठेवली होती. म्हणाले, "दाखल झालीस की पहिल्यांदा ही दुरुस्त करून घे." मी म्हटलं, आधी दाखल तर होऊ दे. "झालीस तू," ते म्हणाले.

अर्धं केळं खाल्लं. मग म्हणाले, मी पडतो जरा, तू लॅब बघून ये. मी गेले. तिथल्या मुलामुलींबरोबर संध्याकाळपर्यंत होते. आले तेव्हा ते जागे होते. शुक्रवारचं मी काहीतरी बोलणार होते. उद्या बसमध्ये बोलेन, वेळच वेळ आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बाबा काल सकाळी गेले.

साडेसहाला मी चहा आणायला खाली गेले, तेव्हा ते पायात मोजे चढवत होते. वर आले, एक मोजा घातलेला होता.

विद्यापीठाच्या दवाखान्यातले डॉक्टर लगेच आले. बराच वेळ प्रयत्न केले. मग उठून त्यांच्या शर्टाच्या खिशातली छोटी बाटली काढून वाचली. मला विचारलं, "ही गोळी किती दिवस घेत होते?" मी म्हटलं, ॲसिडिटीची आहे ती. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग बाटली माझ्या हातात देत म्हणाले, "हृदयाची आहे. छातीत दुखायला लागलं की जिभेखाली धरायची." आणखी विचारलं, चालताना मधेमधे थांबायचे का. झोपायला जास्त उशा लागायच्या का. डावा हात, खांदा दुखायचा का.

तिन्हीला हो म्हटलं. त्यांनी रागवायला हवं होतं.

आईला फोन मी केला. ती "कुठे?" म्हणाली. कसे, का, असं काहीच विचारलं नाही. "कुठे?" एवढंच.

शनिवार, १२ ऑक्टोबर. रात्र होण्याआधी, घरी

वळशाने दोन दिवस, पूल अजून बंद. दादा फोनवर म्हणाला, दरडीवरूनच आणा, मी पायथ्याला गाडी घेऊन येतो. विद्यापीठाची रुग्णवाहिका दरडीपर्यंत आली. पुढे रस्ता नाही.

मुकादम उभा होता. त्याला कोणी कळवलं माहीत नाही. पायवाट उघडण्याआधी परवानगी काढून ठेवली होती त्याने. सहा मजूर, अवघड जागी आठ. स्ट्रेचरला दोर बांधले होते. मला म्हणाला, "बाई, तुम्ही पुढे चला. मागे बघू नका, पाय बघून टाका." मंगळवारचं तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

मी पुढे चालले. मागून त्यांचा आवाज येत होता: सांभाळ, डावीकडून, थांब, घे. ते थांबले की मीही थांबत होते. एका वळणावर ते खोड आलं. तिथे त्यांनी स्ट्रेचर जरा टेकवलं.

पलीकडे पोचल्यावर मुकादमाने वही उघडली. आत गेलेल्यांच्या यादीत बाबांचं नाव होतं, परत आले का नाही तो रकाना रिकामा. तो पेन धरून उभा राहिला. मग वही तशीच मिटली.

दादा गाडीशी होता. त्याने आधी बाबांना पाहिलं, मग मला म्हणाला, "चालवलंस त्यांना? इथून?"

"हो," मी म्हटलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

अंत्यसंस्कार रविवारी झाले. माणसं येतात, बसतात, जातात. छापखान्यातले त्यांचे जुने सोबती आले होते. एकजण म्हणाला, त्यांच्या हाताखालून चूक सुटली असं चौतीस वर्षांत तीनदा झालं असेल. मी आत निघून गेले.

तिसऱ्या विद्यापीठाची तारीख परवाच गेली. कळवलंही नाही. दादा माझ्याशी कामापुरतं बोलतो. वहिनी मला ताट वाढून देते आणि समोर बसत नाही. त्यांचं काही चुकत नाही.

मला रडू येत नाही. रोज ते अडीच किलोमीटर मनात पुन्हा चालते आणि प्रत्येक वेळी सॅक परत घेते.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र आलं. घेतलंय. शिष्यवृत्तीसह, मॅडमच्या हाताखाली. ‘आपण आणलेल्या नमुन्यांच्या चाचण्या सुरू केल्या आहेत, निष्कर्ष महत्त्वाचे ठरतील’ असंही आहे. दहा दिवसांत उत्तर द्यायचं.

दादाने वाचलं. म्हणाला, "अभिनंदन. महाग पडलं." मग बाहेर गेला. अर्ध्या तासाने परत येऊन म्हणाला, "असं बोलायला नको होतं मी." मी म्हटलं, खरं होतं. तो माझ्या शेजारी बसला. या वेळी तो उठून गेला नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज आईला सांगितलं. दादा-वहिनी बाहेर गेले होते. आई बाबांचे शर्ट काढून घड्या घालत होती. मी चहा केला, तिच्यासमोर बसले आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. ‘तुमच्यामुळे राहिलं’ म्हटलं ते. मुकादमाने अडवलं होतं ते. सॅक.

ती ऐकत होती. मग विचारलं, "किती वजन होतं?"

"चार किलो माती. शिवाय सॅक, शिवाय त्यांची बॅग."

"जड होतंय म्हणाले का?"

"नाही. मी विचारलं नाही."

आईने हातातल्या शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. म्हणाली, "ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन रक्तवाहिन्या बंद. जिना नको, ओझं नको, प्रवास तर नकोच. ऑपरेशनची तारीख त्यांनी एकवीस ऑक्टोबरची मागून घेतली. तुझ्या तिन्ही मुलाखती झाल्यानंतरची."

ती पुढे म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू गेली नसतीस, म्हणून तुला सांगायचं नाही असं ठरलं. तेवढं त्यांचं. पण सोबत जायचं त्यांनी काढलं तेव्हा मी अडवू शकले असते. माझं ऐकायचे ते. मी नाही अडवलं. तुला एकटीला पाठवायची भीती माझीही होती. आणि ते इतके खुशीत होते. मी म्हटलं, आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"मला रस्त्यात कोणीतरी सांगायचं," मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा रडले. रागाने रडले. आई उठून जवळ आली नाही. तिथेच बसून राहिली, शर्ट मांडीवर घेऊन, आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने मला माफ केलं असं काही म्हटलं नाही. मीही तिला नाही. चहा तसाच गार झाला.

पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "उत्तर पाठवलंस?"

"काल पाठवलं. जाते म्हणून." हे कसं सांगू, याचीच मला सकाळपासून धास्ती होती.

तिने मान हलवली. शर्टांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला, दार लावलं, मग परत येऊन बसली.

"तिकडून इथे यायला किती वेळ लागतो?"

"रस्ता चालू असला तर नऊ तास."

"आणि बंद असला तर?"

वळशाचे दिवस मला तोंडपाठ आहेत, पुलासकट. तरी मी म्हटलं, "माहीत नाही."

ती कप उचलून आत गेली. नळाचा आवाज आला, थांबला. आतूनच म्हणाली, "मग चालू असतानाच येत जा."